भाचीचा ओ ग्रेड आणि दुल्हेभाईंचे ९५ हजार

फेब्रुवारीत माझ्या भाचीचा निकाल लागला. सायबर सिक्युरिटीच्या बी.टेक.चं तिचं तिसरं वर्ष चालू आहे. ‘सायबर सुरक्षा आणि कायदे’ या विषयात तिला ओ ग्रेड मिळाला, म्हणजे सगळ्यात वरचा. एरवी निकाल लागला की ती पहिला फोन मला करते, कारण तिचा पहिला मास्तर मीच. अलिफ-बे आणि अ-आ-इ दोन्ही मी तिला एकाच पाटीवर शिकवलं होतं. या वेळी फोन आला नाही. चार दिवसांनी आपाने सांगितलं तेव्हा मला कळलं. मी मुबारकबाद द्यायला फोन केला तर म्हणाली, “मामू, उस पेपर का नाम नक्को लेव.”

ती असं का म्हणाली ते कळायला जानेवारीतल्या एका मंगळवारची हकीकत सांगावी लागेल. दुल्हेभाईंची परवानगी घेऊनच सांगतोय.

दुल्हेभाई एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या दिवशी सकाळी त्यांना एक फोन आला. तुमच्या आधार कार्डावर मुंबईहून परदेशात एक पार्सल चाललं होतं, त्यात बनावट पासपोर्ट सापडलेत, असं समोरचा म्हणाला. मग व्हिडिओ कॉल. पडद्यावर पोलिसाच्या गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह, शेजारी फायलींचा ढीग. तुमच्या खात्यातून दहशतवादी कारवायांना पैसा गेल्याचा संशय आहे, कॉल बंद करायचा नाही, खोलीचं दार लावा, घरात कुणाला सांगाल तर त्यांचंही नाव केसमध्ये येईल. पैसे तपासणीसाठी ‘सरकारी खात्यात’ टाका, तपास झाला की परत मिळतील.

भाची सुट्टीसाठी घरी आलेली. शेजारच्याच खोलीत होती. तासाभराने तिला अनोळखी आवाज ऐकू आला म्हणून ती आत गेली. दुल्हेभाईंनी ओठांवर बोट ठेवलं. पडद्यावरचा माणूस तिच्याशी गोडीत बोलला. बेटी, तूही बस, कॉलेजपर्यंत प्रकरण जाऊ नये असं वाटत असेल तर सहकार्य कर. ती बसली. ४५ हजार आधीच गेले होते. पुढचे ५० हजार तिच्या डोळ्यांदेखत गेले.

नंतर तिने मला जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत देतो. “मामू, मी आधी अब्बूंचा मोबाइल बघितला. कुठलं स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकलेलं नव्हतं. कुठल्या लिंकवर क्लिक नव्हतं. म्हटलं, फोन तर सेफ आहे. मग हे खरंच पोलीस असतील.”

यात तिचं निदान चुकलं नव्हतं. फोन सेफच होता. हल्ला फोनवर नव्हता, फोन हातात धरलेल्या माणसावर होता.

कॉल संपल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता १९३० ला फोन करू. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक. तक्रार जितकी लवकर जाईल तितकी पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त. पण दुल्हेभाई ऐकेनात. त्यांचं एकच म्हणणं : “आपलं नाव एकदा तसल्या कागदावर चढलं की उतरत नाही. पैसे गेले तर गेले.” भोंदूंनी त्यांचं नाव वाचूनच दहशतवादाचा शब्द काढला असेल का, हे सांगता येत नाही. असल्या जाळ्यात सगळ्या जातिधर्माची माणसं सापडतात, त्यांत शिकलेसवरलेले डॉक्टर आणि निवृत्त अधिकारीही असतात. पण तो शब्द आमच्या घरात नेमका बसला. दुसऱ्या दिवशी जुहरनंतर मी त्यांच्या घरी गेलो, तासभर समजूत घातली, तेव्हा कुठे १९३० ला फोन लागला. मधे २४ तासांहून जास्त वेळ गेला होता. पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

आता तो पेपर. डिसेंबरमध्ये, म्हणजे या घटनेच्या महिनाभर आधी, भाचीने सोडवला होता. मी तो मागवून घेतला. मास्तरला दुसऱ्याच्या शाळेची प्रश्नपत्रिका बघायची खोड असतेच. त्यात पाच गुणांचा एक प्रश्न होता : डिजिटल अरेस्टच्या पद्धतीचे विश्लेषण करा आणि बचावाचे उपाय लिहा. भाचीने काय लिहिलं तेही तिने सांगितलं. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही. कोणतीही यंत्रणा व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही किंवा पैसे मागत नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये याबद्दल सावध केलं होतं. घाबरू नये, कॉल बंद करावा, ताबडतोब १९३० वर तक्रार करावी. एकही मुद्दा चुकलेला नाही. मी असतो तर मीही पाचपैकी पाच दिले असते.

त्या प्रश्नपत्रिकेच्या उजव्या कडेला दोन अरुंद रकाने होते. एकात ‘सीओ’, दुसऱ्यात ‘बीएल’. सीओ म्हणजे या विषयातून विद्यार्थ्याने काय शिकावं असं ठरवलंय त्यापैकी कितवी गोष्ट. बीएल म्हणजे ब्लूमची पातळी. मला एकदम आमचं बी.एड.चं वर्ग आठवलं. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांची उतरंड मांडली. ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन. २००१ मध्ये ती सुधारली गेली आणि सगळ्यात वर निर्मिती आली. आम्ही संविधान तक्ता काढायचो, कुठल्या उद्दिष्टाला किती गुण ते चौकटीत भरायचो, आणि बेरीज जुळली की सुटकेचा श्वास टाकायचो.

डिजिटल अरेस्टच्या प्रश्नापुढे बीएल ४ लिहिलं होतं. म्हणजे विश्लेषण. का, तर प्रश्नात ‘विश्लेषण करा’ असं क्रियापद आहे. पण प्रश्नाची पातळी क्रियापदावर ठरत नाही. विद्यार्थ्याला ते उत्तर आधी मिळालेलं आहे की नाही, यावर ठरते. नोट्समध्ये ‘डिजिटल अरेस्टचे विश्लेषण’ या मथळ्याखाली सहा मुद्दे दिलेले असतील, तर ते मुद्दे उतरवून काढणं हे पाठांतरच. रकान्यात ४ लिहा नाहीतर ६.

हे रकाने कुठून आले तेही सांगतो, म्हणजे कुणा एका कॉलेजला बोल लागायला नको. २०१४ मध्ये भारत राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाच्या, म्हणजे एनबीएच्या मार्फत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सभासद झाला. अभियांत्रिकीच्या पदव्यांना एकमेकांच्या देशांत मान्यता देण्याचा तो करार. त्याची मागणी रास्त आहे. तुम्ही काय शिकवलं ते सांगू नका, मुलं काय शिकली ते दाखवा. म्हणून प्रत्येक प्रश्न कुठल्या ना कुठल्या उद्दिष्टाला जोडायचा, गुणांवरून उद्दिष्ट किती टक्के साध्य झालं ते काढायचं, आणि तक्ते भरायचे. हेतू चांगला. पण तक्त्यात शेवटी त्या प्रश्नाचे गुणच जातात. प्रश्नाने स्मरणशक्ती मोजली असेल तर तक्त्यातही स्मरणशक्तीच भरली जाते, फक्त तिच्यावर दुसरं नाव असतं. माझ्या भाचीच्या पाच गुणांनी कुठल्या तरी एक्सेल शीटमध्ये ‘विद्यार्थी मानवी स्वरूपाचे हल्ले ओळखू शकतो’ या ओळीची टक्केवारी वाढवली असेल. जानेवारीत ती त्या हल्ल्याशेजारी खुर्ची घेऊन बसली होती.

मी हसण्याच्या जागेवर नाही. उर्दू माध्यमाच्या मुलांना मी वीस वर्षं मराठी शिकवतोय. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. चाचणीत ‘लिंग ओळखा : पुस्तक’ असं विचारलं की माझा विद्यार्थी ‘नपुंसकलिंग’ लिहितो आणि एक गुण घेतो. त्याच पेपरात पुढे निबंध असतो. तिथे तोच मुलगा लिहितो, ‘माझी पुस्तक हरवली’. कारण डोक्यात ‘मेरी किताब’ आहे. ‘नळाला पाणी आला’ लिहितो, कारण घरात ‘पानी आया’ आहे. बरीच वर्षं मी याला निष्काळजीपणा समजून लाल रेघ मारत होतो. मग लक्षात आलं की पोरगं निष्काळजी नाही. त्याच्याकडे एक नियम आहे, तो ते इमानदारीने पाळतंय, फक्त नियम दुसऱ्या भाषेचा आहे. ‘लिंग ओळखा’ हा माझा प्रश्न त्या नियमापर्यंत पोचतच नव्हता.

हाच शोध भौतिकशास्त्राच्या लोकांना मोठ्या प्रमाणावर लागला. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठात डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ नावाची कसोटी प्रसिद्ध केली. आकडेमोड नाही, सूत्रं नाहीत. साधे प्रश्न. एक जड आणि एक हलका गोळा छपरावरून एकदम सोडला तर काय होईल, असले. गंमत तिच्या चुकीच्या पर्यायांत आहे. ते परीक्षकाने टेबलावर बसून सुचवलेले नाहीत, ते मुलांच्या डोक्यातल्या खऱ्या समजुती आहेत. त्याआधी हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी हेस्टेनिस यांचे असेच प्रश्न आपल्या वर्गाला घातले, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मी या गोष्टींचा विचार करतो तशी. शिक्षकाने घाबरून जावं असा हा सवाल. माझूर यांनी त्यानंतर शिकवण्याची पद्धतच बदलली.

भाचीशी हे बोलत असताना तिनेच शोधून सांगितलं की सायबर सुरक्षेतही असं काम झालंय. मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेतले ॲलन शेरमन, इलिनॉय विद्यापीठातले जेफ्री हर्मन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ च्या सुमारास हे काम हाती घेतलं. दोन कसोट्या. एक, पहिला अभ्यासक्रम संपवलेल्यांसाठी. दुसरी, पूर्ण पदवी संपत आलेल्यांसाठी. आधी त्यांनी जाणकारांकडून फेऱ्याफेऱ्यांनी मतं घेतली की या विद्येचा गाभा काय. पहिल्या कसोटीसाठी पाच गोष्टी निघाल्या : कच्चे दुवे ओळखणं, हल्ले ओळखणं, बचाव आखणं, सुरक्षेचं उद्दिष्ट काय ते ओळखणं, आणि संभाव्य लक्ष्य कोण व हल्लेखोर कोण ते ओळखणं. यात एकही ‘व्याख्या लिहा’ नाही.

मग त्यांनी विद्यार्थ्यांना एकेक प्रसंग देऊन मोठ्याने विचार करायला सांगितलं आणि ते नोंदवून घेतलं. मुलं कुठे घसरतात ते दिसलं. एका ठिकाणी खरी असलेली गोष्ट सगळीकडे लावायची, उदाहरणार्थ एन्क्रिप्शन आहे म्हणजे सगळंच सुरक्षित. दोन संकल्पनांची सरमिसळ करायची. काही पूर्वग्रह आणि काही चुकीची गृहीतकं धरून चालायचं. या घसरण्यांतूनच कसोटीचे चुकीचे पर्याय तयार झाले. मला हे वाचताना ‘पाणी आला’ आठवत होतं. ‘फोन तर सेफ आहे, मग हे खरंच पोलीस असतील’ हे भाचीचं वाक्य याच जातीचं. एका ठिकाणचा खरा नियम तिने दुसरीकडे नेला होता.

कुणी म्हणेल, लेखी पेपर कशाला, प्रत्यक्ष करून दाखवायला लावा. या विद्येत ती सोयही आहे. ‘कॅप्चर द फ्लॅग’ नावाच्या स्पर्धा असतात. लास व्हेगासच्या डेफकॉन संमेलनात त्या १९९६ पासून चालत आल्यात. एखाद्या मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या यंत्रणेत शिरायचं आणि लपवलेला शब्द बाहेर काढायचा. सापडला तर गुण, नाही तर नाही. घोकंपट्टी चालत नाही. भाचीला हे आवडतं आणि मलाही पटलं. पण तिनेच त्यातल्या खाचा सांगितल्या. जुन्या कोड्यांची उत्तरं यूट्यूबवर असतात. गटातला एक हुशार पोरगा खेळतो, बाकीच्यांना गुण मिळतात. प्रॅक्टिकलची जर्नलं तर एकावरून चाळीस उतरतात. आणि मुख्य म्हणजे शब्द सापडला हे कळतं, कसा विचार केला हे कळत नाही. त्यासाठी समोर बसवून विचारावं लागतं. साठ मुलांच्या वर्गाला एक शिक्षक दोन दिवसांत व्हायवा घेतो, तिथे प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात. मी शिक्षक आहे, मला त्या शिक्षकाची अडचण कळते. व्याख्या तपासायला सोपी असते आणि तिच्यावर कुणी पुनर्तपासणीचा अर्ज करत नाही.

आणखी एक गोष्ट. संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून २०१७ मध्ये सायबर सुरक्षेच्या पदवीसाठी अभ्यासक्रमाची चौकट काढली. त्यात आठ ज्ञानक्षेत्रं आहेत. डेटा, सॉफ्टवेअर, सुटे भाग, जोडणी, यंत्रणा, आणि त्यांच्या बरोबरीने माणूस, संस्था आणि समाज. आठातली तीन माणसांची आहेत. ती कोड्यांच्या स्पर्धेत बसवणं अवघड, म्हणून ती लेखी पेपरात जातात, आणि लेखी पेपरात गेली की त्यांची व्याख्या होते.

मार्चमध्ये भाची दोन दिवस घरी आली. आम्ही दोघं वही घेऊन बसलो आणि ठरवलं, एकच प्रश्न काढायचा, पण नीट. प्रसंग आमच्याकडे होता. मी म्हटलं, चुकीचे पर्याय आपण सुचवायचे नाहीत, माणसांकडून आणायचे. मग आम्ही मोहल्ल्यात फिरलो. मोबाइल दुरुस्तीवाला, दुल्हेभाईंचे वर्कशॉपचे दोस्त, शेजारची शिवणकाम करणारी खाला, भाचीच्या मैत्रिणी. नाव न घेता प्रसंग सांगायचा आणि विचारायचं, तुम्ही असता तर आधी काय केलं असतं? उत्तरं वहीत उतरवली. त्यातून असा प्रश्न झाला :

निवृत्त वडिलांनी गणवेशातल्या माणसाच्या व्हिडिओ कॉलवरून दोनदा पैसे पाठवले आहेत. कॉल आता संपला आहे, उद्या पुन्हा येणार आहे. मोबाइलमध्ये नवं ॲप नाही, कुठल्या लिंकवर क्लिक नाही. बदनामीच्या भीतीने वडील तक्रार करायला तयार नाहीत. घरातल्या मुलीने आधी काय करावं, आणि का?

(अ) मोबाइल रीसेट करून सगळे पासवर्ड बदलावेत.
(ब) तो नंबर ब्लॉक करावा, गेले ते गेले.
(क) उद्या कॉल आला की त्या अधिकाऱ्याचं ओळखपत्र मागून खात्री करावी.
(ड) वडील ज्याचं ऐकतात अशा माणसाला लगेच बोलवावं, आणि त्याच्यासोबत आत्ताच १९३० वर आणि बँकेत कळवावं.
(इ) आधी ओळखीच्या वकिलाला किंवा नगरसेवकाला विचारावं, मग दोन दिवसांत ठरवावं.

(अ) मोबाइलवाल्याचं. (ब) आपाचं. (क) दुल्हेभाईंच्या दोस्ताचं, त्याला बनावट ओळखपत्रही पाठवता येतं हे ठाऊक नव्हतं. (इ) सगळ्यात जास्त लोकांनी सांगितलं. एकही उत्तर मूर्खपणाचं नाही. प्रत्येकामागे काही तरी कारण आहे, आणि ‘का’ विचारलं की ते बाहेर येतं. पर्यायाला एक गुण, कारणाला चार, असं आम्ही ठरवलं. कारण दोन ओळींत लिहायचं, म्हणजे साठ पेपरही एका बैठकीत तपासून होतात.

भाचीने तो प्रश्न आपल्या सरांना दाखवला. ते म्हणाले, अंतर्गत चाचणीत घालून बघू, पण पुढच्या वेळी प्रसंग बदलावा लागेल, नाहीतर याच्याही नोट्स निघतील. खरं आहे. चांगला प्रश्न एका वर्षात शिळा होतो. मास्तरने दरवर्षी मोहल्ल्यात फिरावं लागेल.

त्या रात्री जेवताना दुल्हेभाईंनी वही ओढून घेतली. चष्मा लावून प्रश्न दोनदा वाचला. आम्ही सगळे गप्प. मग त्यांनी (ड) वर बोट ठेवलं आणि म्हणाले, “जवाब तो ये है, मास्टर. मगर कल फिर फोन आया तो मैं ये करूँगा या नै, वो मेरेकू नै मालूम.”

मी भाचीकडे बघितलं. तिने पेन उचललं आणि ‘का’च्या जागेवर त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं.

तुमच्या घरी असा प्रसंग आला असेल आणि लाजेने कुणाला सांगितला नसेल, तर आधी १९३० ला फोन करा. फिर्याद करणाऱ्याचं नाव फिर्यादी म्हणूनच चढतं, हे मी त्या बुधवारी दुल्हेभाईंसोबत बसून बघितलंय.